पंचमात अडकलेली गाडी

पुढच्या ट्रकचा फास्टॅग वाचला जात नव्हता म्हणून आम्ही किणी टोलनाक्यावर उभे होतो. डिसेंबरातली रात्र, साडेआठ वाजलेले, काचा वर, गिअर न्यूट्रलला, माझे दोन्ही पाय पेडलांपासून लांब. तरी गाडी ॲक्सिलरेटरवर कुणीतरी वीट ठेवल्यासारखी ओरडत होती. नाक्यावरच्या पोरानं वाकून आत बघितलं. त्याला वाटलं असणार, काकांना फारच घाई आहे.

बायको शेजारी खारे शेंगदाणे खात बसली होती. घरी पुढच्या खोलीत ती मुलांचे गाण्याचे क्लास घेते, त्यामुळे आवाजाच्या बाबतीत तिचं ऐकावं लागतं. तिनं मान जरा तिरकी केली, तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणली आणि म्हणाली, "अहो, ही पंचमात गेलीय."

"म्हणजे?"

"महाद्वार रोडला गर्दीत अडकते तेव्हा सा लावते ना, आता प लावलाय."

मी हसलो. ट्रकचा टॅग वाचला गेला, आडवा दांडा वर झाला, आम्ही निघालो. गाडीचं अख्खं दुखणं बायकोनं त्या एका वाक्यात सांगून टाकलं होतं, हे कळायला मला पुढे दोन महिने आणि तीन गॅरेज लागली.

गाडी मारुती ८००, २००७ ची. या गाडीची पहिली चावी इंदिरा गांधींनी १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत हरपाल सिंग यांच्या हातात ठेवली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. त्याआधीच, एप्रिल २०१० पासून, तेरा शहरांत भारत स्टेज चारचा प्रदूषणाचा नियम आला आणि तिथली विक्री बंद झाली. मुंबई-पुण्याबरोबर त्या यादीत आपलं सोलापूरही होतं, कोल्हापूर नव्हतं. आमच्या गाडीला २०२२ मध्ये पंधरा वर्षं भरली, आरटीओत रीतसर नूतनीकरण झालं, पुढची पाच वर्षं पदरात पडली. लोक विचारतात, अजून का ठेवलीय? ती पार्किंगमध्ये कुठेही मावते आणि तिचं बोनेट उघडलं की खालची जमीन दिसते, हे माझं उत्तर. नव्या गाड्यांचं बोनेट उघडलं की फक्त प्लॅस्टिकची झाकणं दिसतात.

आता तिचा एक तोटा. तिला आरपीएमचा काटा नाही, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे मारतंय हे कानानंच ओळखायचं. बायकोचं पंचमाचं बोलणं मी नंतर कागदावर करून बघितलं. तीन सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन, म्हणजे दोन फेऱ्यांत तीन स्फोट. गाडी नीट असते तेव्हाच्या साडेआठशे आरपीएमला सेकंदाला सव्वाएकवीस स्फोट होतात. आणि मेस्त्रीनं पुढे मीटर लावला तेव्हा काटा १२८० वर होता, म्हणजे सेकंदाला बत्तीस. बत्तीसला सव्वाएकवीसनं भागा, दीड येतं. षड्ज आणि पंचमाचं नातं तेच, दीडपट. मी कागद तिला दाखवला. तिनं तो बघितलाही नाही. "मग मी काय म्हटलं होतं?" एवढंच बोलली आणि भाजीला फोडणी दिली.

पेडलला पाय न लावता इंजिन चालत राहतं, त्याला आयडल म्हणतात. या शब्दानं आपली थोडी फसगत होते. इंग्रजीत त्याचा अर्थ रिकामटेकडा. आपले मेस्त्री त्याला 'स्लो' म्हणतात, तेही अर्धंच खरं. इंजिन म्हणजे मुळात हवा ओढणारा पंप. आपण पाय काढला की त्याच्या नाकातली झडप, मेस्त्रींच्या भाषेत बटरफ्लाय, मिटते. पण आत पिस्टन थांबलेले नसतात, ते बंद दाराआडून हवा ओढतच राहतात. झडपेच्या पुढच्या नळीत, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये, तेव्हा बाहेरच्या हवेच्या दाबाच्या जेमतेम तिसरा हिस्सा दाब उरतो. म्हणजे गाडी सिग्नलला शांत उभी दिसते तेव्हा आत खरं तर श्वासासाठी ओढाताण चाललेली असते. बटरफ्लायला वळसा घालून जाणारी एक बारीक वाट हवेसाठी ठेवलेली असते. त्या वाटेवर एक छोटा व्हॉल्व्ह बसवलेला असतो आणि तो किती उघडायचा हे कॉम्प्युटर ठरवतो. इंजिन गार असेल तर तेल घट्ट, पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून कॉम्प्युटर वाट जास्त उघडतो आणि पेट्रोलही सढळ देतो. तापत जाईल तशी वाट अरुंद करत आणतो. सकाळी चालू केल्यावर गाडी आधी जोरात आणि मग हळूहळू खाली येते ती यामुळे.

एमपीएफआय गाडीत, म्हणजे कॉम्प्युटर मोजून पेट्रोल फवारतो अशा गाडीत, पेट्रोल हवेच्या मागे येतं. म्हणून रेस वाढली की "पेट्रोल जास्त कुठून येतंय?" हा प्रश्नच चुकतो. जास्तीची हवा कुठून येतेय, ते शोधायचं. एवढं कळलं असतं तर माझे पहिले साडेतीन हजार वाचले असते.

पहिल्या गॅरेजवाल्यानं पाच मिनिटांत काम केलं. बटरफ्लाय किती मिटावी हे ठरवणारा एक स्क्रू असतो. त्याच्यावर कारखान्यातूनच रंगाचा ठिपका असतो, 'याला हात लावू नका' अशा अर्थाचा. यानं तो ठिपका फोडून स्क्रू मागे घेतला. आवाज खाली आला, मी खूश, तो खूश, दोनशे रुपये. चौथ्या दिवशी दसरा चौकात एसी लावून उभा होतो आणि गाडी गप्पकन बंद पडली. मागच्या रिक्षावाल्यानं कोल्हापुरी भाषेत जे काय सुचवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि हायवेवर पंचम होता तिथेच.

दुसऱ्यानं थ्रॉटल बॉडी, म्हणजे बटरफ्लाय जिच्यात बसते ती, काढून धुतली. काजळीनं काळीकुट्ट झालेली, ते काम करायलाच हवं होतं, पण दुखणं ते नव्हतं. तिसऱ्यानं अर्धा मिनिट विचार केल्यासारखं केलं आणि "पाण्याचा सेन्सर गेलाय" असं सांगून इंजिनातल्या पाण्याचं तापमान कॉम्प्युटरला कळवणारा तो भाग नवा बसवला. काही फरक नाही. मग त्यानं सगळं खापर पेट्रोलमधल्या इथेनॉलवर फोडलं. आजकाल गाडीचं काहीही बिघडलं की इथेनॉल. पूर्वी घरात काही बिनसलं की सूनबाईच्या पायगुणावर जायचं, तसं.

दरम्यान मीही रविवारी बोनेटमध्ये डोकं घालायला लागलो होतो. हवा चोरून आत येत असेल तर ती येते फाटलेल्या व्हॅक्यूम पाइपातून, मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून, ब्रेक बूस्टरच्या नळीतून. रबराची प्रत्येक नळी पकडीनं हलकेच दाबायची आणि आवाज बदलतो का ऐकायचं. इस्त्रीच्या पाण्याची बाटली घेऊन सांध्यांवर फवारा मारायचा, फट असेल तर पाणी आत ओढलं जातं आणि इंजिन क्षणभर अडखळतं. तिसऱ्या रविवारी एक नळी सापडली. उन्हानं लाकडासारखी कडक झालेली, टोकाला केसाएवढी चीर. चाळीस रुपयांची नवी नळी लावली, आवाज खरंच थोडा उतरला. मी आंघोळ करून, भांग पाडून विजयाच्या थाटात चक्कर मारायला निघालो. कागलपर्यंत गेलो, वळलो, नाक्यावर चहाला थांबलो. पंचम.

तेव्हा कुठे मी शिवाजी उद्यमनगरातल्या मेस्त्रींकडे गेलो. उद्यमनगर म्हणजे कोल्हापूरचं ओतकाम आणि लेथ यांचं गाव, तिथे बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं. मेस्त्री साठीच्या पुढचे, खाकी हाफ पँट, कानात कापूस. गाडी आत घेतली तरी त्यांनी बोनेटला हात लावला नाही. चहा मागवला.

"कवा धरती रेस? गार असताना का तापल्यावर?"

"तेच तर उलटं आहे मेस्त्री. हायवेला तासभर पळवून थांबलो की जास्त. गावात गर्दीत रखडली की कमी."

त्यांचा कप ओठांपाशी थांबला. "परत सांगा बगू."

मी परत सांगितलं. त्यांनी आणखी दोन गोष्टी विचारल्या. ॲव्हरेज किती देते? पूर्वी अठरा होतं, आता चौदा. टेंपरेचरचा काटा कुठे असतो? खालीच असतो, मी जरा अभिमानानंच सांगितलं, आमची गाडी तापतच नाही.

"तापतच न्हाई," मेस्त्री स्वतःशीच म्हणाले. "गाडी ठेवून जावा. उद्या सकाळी माज्याआदी कुणी चावी मारायची न्हाई."

सकाळी आठला मी हजर. त्यांनी आधी आरपीएमचा मीटर जोडला, एअर फिल्टरकडून येणारा जाड पाइप सोडवला, गाडी चालू केली. थ्रॉटल बॉडीच्या तोंडात, बटरफ्लायच्या अलीकडे एक भोक असतं, ती वळशाची वाट. मेस्त्रींनी त्यावर अंगठा दाबून धरला. काटा खाली पडला, इंजिन धापा टाकायला लागलं, अगदी बंद पडायच्या बेताला आलं. अंगठा काढला, पुन्हा वर. पुन्हा दाबला, पुन्हा खाली.

"कळलं का काय? हवा चोरवाटंनं येत न्हाई. म्होरच्या दारानंच येतीया. कॉम्प्युटरच मागाय लागलाय. आता त्यो का मागतोय ते बगायचं."

या एका अंगठ्यावर मी अजून फिदा आहे. चोरवाटेची हवा असती तर अंगठा दाबूनही रेस तशीच राहिली असती, आणि मग नळ्या, पॅकिंग शोधत बसणं योग्य होतं. पण दाबल्यावर इंजिन मरायला लागलं, म्हणजे वाटेवरचा व्हॉल्व्ह कुणाच्या तरी हुकमानं उघडा होता. तीन रविवार मी ज्या गल्लीत चोर शोधत होतो, त्या गल्लीत चोर कधी आलाच नव्हता. माझी चिरलेली नळी खरी होती, पण ती भुरटी चोरी.

मग मेस्त्रींनी रेडिएटरचा वरचा पाइप मुठीत धरला. वैद्य नाडी बघतो तसा, नजर भलतीकडे लावून. दोन-तीन मिनिटांत त्यांनी माझा हात ओढून त्यावर ठेवला. पाइप कोमट होता.

"ह्यो आत्ता गार पायजे. पाच-सात मिंटं गारच ऱ्हायला पायजे, आणि मग एकदम चटका बसाय पायजे. ह्यो तर पयल्यापास्नं कोमट व्हाय लागलाय."

गाडी बंद केली. तो पाइप इंजिनाला जिथे मिळतो तिथे एक टोपी असते, दोन बोल्टांवर बसवलेली. पाणी उतरवून मेस्त्रींनी टोपी काढली, पॅकिंगचे तुकडे खरवडले आणि बॅटरीचा झोत आत टाकला.

"घर हाय," ते म्हणाले, "माणूस न्हाई."

थर्मोस्टॅट नव्हताच. ही लिंबाएवढी पितळी वस्तू. तिच्या पोटात मेण भरलेलं असतं. इंजिन गार असेपर्यंत ती रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवते. पाणी ८२ अंशांच्या आसपास गेलं की मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं, वाट उघडते. ना वायर, ना करंट. ती नसली तर पाणी चावी मारल्यापासूनच रेडिएटरच्या फेऱ्या मारत बसतं. गावात वारा लागत नाही, म्हणून तिथे इंजिन कसंबसं तापतं. हायवेवर ऐंशीच्या वेगात डिसेंबरचा वारा रेडिएटरवर आदळतो आणि गाडी पळून पळून गार होते. म्हणून किणीला पंचम आणि महाद्वार रोडला षड्ज. कॉम्प्युटर बिचारा पाण्याचा सेन्सर वाचत होता, त्याला वाटत होतं अजून पहाटच आहे, आणि तो पहाटेला देतात तशी जास्तीची हवा आणि पेट्रोल तासन्‌तास देत राहिला. ॲव्हरेज गेलं ते तिकडे. वरून असं गार इंजिन चालवलं की सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल पेट्रोलनं धुऊन जातं, ते वेगळंच.

म्हणजे ज्या सेन्सरला "गेलाय" म्हणून काढून टाकलं तो खरं बोलत होता. मेस्त्रींनी तो जुना सेन्सर, जो मी हौसेनं जपून ठेवला होता, मीटरवर लावून दाखवला. तळहाताच्या उबेनंही ओहमचा, म्हणजे विद्युतरोधाचा, आकडा भराभर उतरत होता, तसाच उतरायला हवा. ठणठणीत. चेक इंजिनचा दिवा कधी लागला नाही तो याचमुळे. दिवा लागतो तो सेन्सरची वायर तुटली किंवा तो भलतंच काही सांगायला लागला की. इथे तो खरी गोष्ट सांगत होता आणि ती खरी गोष्ट कुणाला पटत नव्हती.

"कुणी काढला आसंल?" मेस्त्रींनी विचारलं.

मी लगेच सुरू झालो. कुणीतरी अडाणी, काही माहीत नसताना हात घालतात, आपल्याकडे शास्त्र म्हणून काही... आणि बोलता बोलता मला आंबोली आठवली.

मे २०१५. सावंतवाडीहून परत येत होतो, एसी लावून, मागच्या सीटवर दोन आंब्यांच्या पेट्या आणि सासूबाई. घाट अर्धा चढलो तर टेंपरेचरचा काटा लाल रेघेला आणि बोनेटमधून वाफ. ढकलत, थांबत, बाटल्यांनी पाणी ओतत वर पोचलो. रस्त्याकडेच्या टपरीवजा गॅरेजात विशीतला एक पोरगा होता. त्यानं गाडी गार होऊ दिली, दोन बोल्ट खोलले, काहीतरी काढलं आणि म्हणाला, "हे अडकलंय. आता नसलं तरी चालेल. घरी जाऊन नवीन घाला." दीडशे रुपये घेतले. मी त्याला वर पन्नास दिले होते आणि दोन आंबेही. सासूबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला होता.

'घरी जाऊन नवीन घाला' हे वाक्य आंबोली ते आजरा एवढ्या अंतरात मी विसरलो. गाडी त्यानंतर कधीच तापली नाही, मग आठवण यायचं कारण काय? पुढची काही वर्षं गाडी गावातच फिरली, कधीमधी उन्हाळ्यात हायवे. लेक लग्न होऊन कऱ्हाडला गेली आणि थंडीत दर आठवड्याला रात्रीच्या फेऱ्या सुरू झाल्या, तेव्हा कुठे हे वर आलं.

मी डिक्की उघडली. स्टेपनीखाली जॅकची पिशवी, तिच्यात पान्यांबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. तो कागदही तेलानं पारदर्शक झालेला. उघडलं तर पितळी, हिरवट चढलेला थर्मोस्टॅट. पोरानं प्रामाणिकपणे परत दिलेला. मेस्त्रींनी माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत. अडाण्यांवरचं माझं भाषण तिथेच संपलं.

नवा थर्मोस्टॅट आणला, पॅकिंग आणलं. बसवायच्या आधी संध्याकाळी मी तो घरी घेऊन गेलो, मेस्त्रींनी सांगितलं म्हणून. नवा भाग तपासल्याशिवाय बसवायचा नाही हा त्यांचा नेम. गॅसवर पातेलं, त्यात दूध-दह्याचा थर्मामीटर, आणि चमच्याला दोऱ्यानं बांधून दोन थर्मोस्टॅट सोडलेले, जुना आणि नवा. भांड्याच्या तळाला टेकू द्यायचे नाहीत. सत्तरपर्यंत दोघंही सारखेच, तोंड मिटून. ऐंशी झाले. बायको क्लास संपवून ओट्याशी येऊन उभी राहिली. त्र्याऐंशीला नव्याच्या कडेला काळी रेघ उमटली, चंद्रकोरीसारखी. बघता बघता ती रुंदावली आणि पंच्याण्णवला त्यातून करंगळी जाईल एवढी वाट झाली. जुना तसाच. कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, पाणी अठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळतं. ते खळाखळा उकळायला लागलं तरी जुन्यानं ओठ उघडले नाहीत. आंबोलीच्या पोराचं निदान शंभर टक्के बरोबर होतं.

"ते पातेलं आता वर ठेवा," बायको म्हणाली. "त्यात मी दूध तापवणार नाही."

दुसऱ्या दिवशी बसवला. थर्मोस्टॅटच्या चकतीवर एक बारीक भोक असतं, त्यात हलणारी पिन. ती वर ठेवून बसवायचा, म्हणजे अडकलेली हवा तिथून निघून जाते. कूलंट भरलं, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत गाडी चालू ठेवली. वरचा पाइप सहा मिनिटं गार होता, मी मनगटावर घड्याळ लावून धरला होता. मग सांगितल्याप्रमाणे चटका बसला.

आणि गाडी बंद पडली.

मेस्त्रींना अपेक्षितच होतं. इंजिन पहिल्यांदाच नीट तापलं, कॉम्प्युटरनं वाट आटोपती घेतली आणि त्या पहिल्या दोनशे रुपयांच्या स्क्रूचं पाप वर आलं. बटरफ्लाय गरजेपेक्षा जास्त मिटलेली होती. पंचम खाली आणायला कुणीतरी षड्जाचा गळा आवळून ठेवला होता. मेस्त्रींनी भिंग लावून फुटलेल्या रंगाची जुनी कड शोधली, स्क्रू पाव फेरा, मग आणखी जरासा पुढे घेत तिच्याशी जुळवला. मीटर ८६० वर थांबला. एसी लावला, काटा क्षणभर डगमगला आणि सावरला. त्यांनी मुलीची नेलपॉलिशची बाटली आणून स्क्रूवर लाल ठिपका दिला. "आता ह्याला कुणाचा बाप आला तरी हात लावू देऊ नका."

पुढच्या शनिवारी कऱ्हाडहून परत येताना किणीला पुन्हा रांग होती. काटा बरोबर मधोमध, तिथून हलला नव्हता. मी न्यूट्रल केलं आणि शाबासकीसाठी शेजारी बघितलं. बायको तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती, मांडीवर शेंगदाण्यांची पुडी. मी स्वतःच तोंडातल्या तोंडात सा लावून बघितला. जुळला की नाही, देव जाणे.

नाक्यावरचा पोरगा खिडकीशी आला. "काका, गाडी बंद पडली काय? ढकलू?"

मी ॲक्सिलरेटरला जरासा पाय लावून दाखवला.